खाली उतरविणे आणि टाकून देणे

फुटबॉलच्या साखळी सामन्यांत असा नियम असतो की, वर्षाअखेर जो संघ तळाशी राहील त्याने खालच्या श्रेणीत उतरावे. अंबरनाथच्या आनंदनगर भागातील खेळप्रिय तरुणांस तो निष्ठुर वाटतो. आम्हांस तो न्याय्य वाटतो. परंतु खाली उतरविणे निराळे व टाकून देणे निराळे.

सन 2016 मध्ये आय-लीगच्या 9 संघांत मिझोरमचा ऐझॉल संघ आठवा आला. नववा पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण नवा म्हणून त्यास सूट होती, आणि शिक्षा ऐझॉलला झाली. (येथे न्याय थोडा लंगडला खरा.) पुढे गोव्याच्या संघांनी स्पर्धा सोडली, जागा रिकामी झाली, व ऐझॉलला परत घेण्यात आले. ह्यात त्याचा पराक्रम काहीच नव्हता. 2017 साली तोच संघ विजेता ठरला! त्याचे प्रशिक्षक खालिद जमील हे पूर्वी कित्येक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते.

त्याच वर्षी 10 संघांत मुंबई एफसी शेवटचा आला, आणि 2007 साली स्थापन झालेला तो संघ पुढे बंदच झाला. त्यास दुसरे वर्ष मिळालेच नाही.

आम्हां पाळकांस ह्यावरून आपल्या मंडळ्या आठवतात. अपराधी बंधूस प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा ठराव पंच करितात. तो बहुधा योग्यच असतो. पण पुढल्या रविवारी त्याच्या दारी कोण जातो? कार्यवृत्ताच्या वहीत शिक्षेची तारीख स्पष्ट असते. परत घेतल्याची तारीख आम्ही कित्येक वह्यांत शोधिली; ती जागा कोरीच आहे.