कच्चं मडकं आणि परिप्रश्न

आजचं चिंतन : गीता, अध्याय ४, श्लोक ३४.

ज्ञान कसं मिळवायचं, ते भगवंत इथे सांगतात. नम्रता हवी, सेवा हवी आणि परिप्रश्न हवा. परिप्रश्न म्हणजे गोष्ट सगळ्या बाजूंनी नीट विचारून घेणं. नमस्कार आपण करतो, सेवाही करतो. हा तिसरा शब्द मात्र सुटतो.

मागच्या महिन्यात परभणीला घरी गेलो, तर आईने बीपीची गोळी बंद केलेली. मोबाईलवर मेसेज आला होता : एका बाईंनी अकरा दिवस स्तोत्र म्हणून काढा घेतला आणि बीपी नॉर्मल. आई म्हणाली, "देवाचं नाव आहे की त्यात. खोटं कसं राहील?" मशीन लावून बघितलं. वरचा आकडा १७०.

मी चिडणारच होतो, पण नामदेवांची गोष्ट आठवली. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, तेव्हा नामदेव रुसले. विठ्ठल माझ्याशी बोलतो, म्हणजे मी पक्काच, असा त्यांचा हिशोब. ठरले कच्चं मडकं! मग ते औंढा नागनाथला गेले (१९९९पर्यंत औंढा आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं). तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी हटकलं, तर विसोबा म्हणाले, "देव नसेल तिथे ठेव माझे पाय." तशी जागा सापडलीच नाही. नामदेवांची समजूत मोडली, श्रद्धा मात्र वाढली.

मी आईला दोनच गोष्टी विचारल्या. "अगं, ज्यांना काढ्याने गुण आला नाही, ते असा मेसेज पाठवतील का? आणि त्या बाईंची गोळी चालू होती की बंद?"

आईने चष्मा लावून मेसेज परत वाचला. "नाही बाबा लिहिलेलं."

डॉक्टरांना फोन केला, त्याच दिवशी गोळी सुरू झाली. स्तोत्र बंद झालं नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून म्हटलं.

परतीच्या गाडीत माझंच मडकं वाजवून पाहिलं. जप केला त्या दिवशी रिलीज नीट गेलं, म्हणजे जपामुळेच गेलं, असं मीही मनात धरून होतो. जप करूनही रिलीज फसलं ते दिवस? ते मी मोजलेच नव्हते. आईची आणि माझी चूक एकच.

आता जप रिलीजसाठी करत नाही. विठ्ठलासाठी करतो.

आजचा अभ्यास : आपल्याला आवडलेला एक मेसेज पुढे पाठवण्याआधी त्याला एक परिप्रश्न विचारा.

राम कृष्ण हरी 🙏