आधी काटा, मग यंत्र

राज्य सरकारने २०२३ मध्ये ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदानाची योजना काढली. नऊशे यंत्रे, आणि प्रत्येकाला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. शेतीत यंत्र आणायचे तर ते स्वस्त करायचे, हे आपल्या धोरणाचे जुने गृहीतक. ट्रॅक्टरच्या बाबतीत ते खरे ठरले, कारण ट्रॅक्टर कुठल्याही रानात शिरतो आणि त्याचा हिशेब मालकापुरता असतो. तोडणी यंत्र मात्र शेतकरी, कारखाना, वाहतूकदार आणि मजूर अशा चौघांचा हिशेब एकदम बदलते. महाराष्ट्रात ते अडले आहे ते किमतीपाशी कमी आणि या हिशेबापाशी जास्त, असे माझे म्हणणे आहे.

यंत्र फडात काय करते ते आधी पाहू. वरचे पाते शेंडा उडवते, खालच्या फिरत्या चकत्या बुडख्यातून ऊस कापतात, रोलर तो आत ओढतात, पुढची पाती त्याचे वीतभर तुकडे करतात आणि मोठा पंखा पाचट बाहेर फेकतो. तुकडे शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत पडतात. दिवसाला शे-दीडशे टन ऊस असा निघतो. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवसभर राबून दोन टनांच्या आसपास तोडते. पण यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी हवी, टोकाला वळायला जागा हवी. राज्यातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर, तीही अनेकदा दोन-तीन तुकड्यांत. तीन फुटी सरीत यंत्र घातले की चाके खोडव्यावरून जातात. म्हणजे तोडणी यंत्राने करायची की नाही हे लागणीच्या दिवशीच ठरते, आणि बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्यांनी ते मिळून ठरवावे लागते. शिवाय वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, हातचे जातात. हंगामभर वाढ्यांवर जनावरे जगवणाऱ्या घराचे हे नुकसान अनुदानाच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

तरी सरी रुंद करणे हे काही अशक्य काम नव्हे. ठिबकच्या निमित्ताने पुष्कळ शेतकरी आपणहून तिकडे वळले आहेत. गाडे खरे अडते ते काट्यावर. यंत्राने तोडलेल्या उसात पाचट येते म्हणून कारखाने वजनातून साडेचार-पाच टक्के कापतात. एकरी चाळीस टन ऊस धरला तर हे दोन टनांच्या आसपास जातात. पाचट गव्हाणीत गेले की रस शोषून घेते आणि साखर उतारा घटवते, हे कारखान्यांचे म्हणणे खोटे नाही. प्रश्न एवढाच, की ही टक्केवारी सरसकट का? स्वच्छ, उभ्या उसाला आणि लोळलेल्या, गवताने भरलेल्या फडाला एकच वजावट लागते, तेव्हा सरी रुंद करून, रान नीट राखून शेतकऱ्याच्या हाती काय पडते? त्यात काटामारीचा आणि उतारा चोरण्याचा आरोप शेतकरी संघटना कित्येक वर्षे करीत आहेत. ज्या काट्यावर आधीच विश्वास नाही, तिथली नवी वजावट शेतकरी निमूटपणे मान्य करील ही अपेक्षाच गैर आहे.

ज्या प्रदेशांत तोडणी यंत्राने होऊ लागली, तिथे दाम कसे ठरतात हे इथे महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये सत्तरच्या दशकाअखेर जवळजवळ सगळा ऊस यंत्राने निघू लागला. तिथे प्रत्येक शेतकऱ्याच्या उसातली साखर कारखान्यात तपासतात आणि पैसे त्या साखरेवर ठरतात. ब्राझीलच्या साओ पाउलोतही दाम उसातल्या साखरेच्या मोजमापाला बांधलेला आहे. तिथे २००२ च्या कायद्याने फड जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि २००७ च्या करारात कारखान्यांनी मुदती आणखी अलीकडे आणल्या. न जाळलेला ऊस हाताने तोडणे महाग पडते, म्हणून यंत्रे धडाधड आली. आपल्याकडे एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर निघते. एकाचा निष्काळजीपणा सगळ्यांत वाटला जातो आणि दुसऱ्याची मेहनतही. म्हणून स्वयंचलनाचा पहिला रुपया फडात घालण्याआधी गव्हाणीच्या तोंडाशी घालावा असे मला वाटते. ट्रॉलीतून आपोआप नमुना घेणारे आणि प्रकाशकिरणांनी साखर व पाचट मोजणारे यंत्र तिथे बसवावे, आणि त्याचा आकडा त्याच क्षणी शेतकऱ्याच्या मोबाइलवर जावा. हे तंत्र नवे नाही. कारखानदारांना ते नकोसे वाटण्याचे कारण तांत्रिक असेल, यावर माझा विश्वास नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. बीड-अहिल्यानगरकडून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या लाखो मजुरांचे काय? एक यंत्र पन्नासेक कोयत्यांचे काम ओढते, हे नाकारून चालणार नाही. साओ पाउलोतही हंगामी तोडणीवाल्यांची कामे मोठ्या संख्येने गेली आणि नव्या कामाचे प्रशिक्षण त्यांतल्या थोड्यांनाच मिळाले. पण हे काम जपावे असे म्हणणाऱ्यांनी ते काय आहे हेही पाहावे. बीड जिल्ह्यात २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हंगामाआधी घेतलेली उचल फिटत नाही, खाडा झाला की दंड पडतो, आजारपण परवडत नाही. ही रोजीरोटी जशीच्या तशी टिकवा, असे म्हणणारा बहुधा स्वतः कोयता धरणारा नसतो. मुलांनी फडात येऊ नये म्हणून शाळेच्या गावी आजी-आजोबांपाशी ठेवणारे आईबाप आपले मत कधीच देऊन बसले आहेत. टोळ्या दरवर्षी कमी पडतात आणि तोडणीसाठी शेतकऱ्याला वर खुशाली मोजावी लागते, तीही याचमुळे.

तेव्हा वाद यंत्र यावे की नाही याचा नसून ते कोणाच्या नावावर यावे याचा आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरलेले आहे. दहा कोटी टन गाळपाच्या हंगामात दोन्ही मिळून दोनशे कोटी होतात. त्यातला ठरावीक वाटा मजुरांच्या गटांना यंत्राच्या भांडवलातला हिस्सा म्हणून द्यावा आणि अनुदानाच्या रांगेत या गटांना पुढे घ्यावे. हंगाम चार-पाच महिन्यांचा, बाकी यंत्र उभे राहते, हप्ते मात्र थांबत नाहीत. हा धोका गटालाही आहेच, आणि कारखान्याने किमान टनांची लेखी हमी दिल्याशिवाय कोणत्याही गटाने त्यात पडू नये. अनुदान नुसतेच ऐपतवाल्याकडे गेले, तर ते घेण्याची ऐपत गावात टोळ्या पुरवणाऱ्या मुकादमाचीच असते. मग उचल देणारा तोच, यंत्राचा मालकही तोच, आणि यंत्रावर चालक म्हणून बसलेला जुना तोडकरी पुन्हा उचल घेऊनच कामाला लागेल.