वजन मालाचे की मनुष्याचे?

सोलापुराहून तुळजापुरास जाणारांस तामलवाडी हे गाव ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे पोलिसांनी मेफेड्रोनच्या, ज्यास तरुण मंडळी एमडी म्हणतात त्याच्या, पुड्या पकडल्या. आणि त्या धाग्यावरून पुढे तीसहून अधिक मनुष्यांवर आरोप आले. क्षेत्राच्या गावी असे घडले म्हणून कित्येकांनी बोट दाखविले. आम्हांस ते रुचत नाही. हे विष वेशीवर थांबून कोणत्या घरी कोणती उपासना चालते याची चौकशी करीत नाही. शिवाय आरोप म्हणजे शाबिती नव्हे.

आमच्या मनात मात्र निराळाच प्रश्न आला. अशा अपराधात मनुष्याची शिक्षा कशावरून ठरते? साऱ्या देशास लागू असलेला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा उत्तर देतो की, बहुतांशी वजनावरून. गांजा १ किलोच्या आत असेल तर फार तर एक वर्ष सक्तमजुरी, अथवा दंड. २० किलोहून अधिक असेल तर दहा वर्षांहून कमी नाही, वीसपर्यंत, आणि किमान एक लाख रुपये दंड. मेफेड्रोनची अल्प मर्यादा २ ग्रॅम, व्यापारी मर्यादा ५० ग्रॅम. पुडीत दुसरी काही भुकटी मिसळली असली तरी सगळ्या मिश्रणाचे वजन धरावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले. म्हणजे भेसळीचेही वजन आरोपीच्याच माथी.

आता दोन मनुष्ये डोळ्यांपुढे आणा. एक शहरात बसून पैसा पुरवितो आणि मालास हात लावीत नाही. दुसरा ऊसतोडीच्या उचलीने बुडालेला पोर, भाड्याच्या लोभाने पिशवी पोहोचवितो. पैसा पुरविणारासही कायद्यात कडक शिक्षा आहे; पण त्याजपर्यंत पुरावा पोहोचावा लागतो, आणि पिशवी तर पोराच्या हातीच सापडते. ती सापडली की आत काय आहे हे मला ठाऊक नव्हते, असे त्यानेच सिद्ध करावयाचे. माल व्यापारी प्रमाणाचा असला तर जामीनही दुर्मिळ. न्यायाधीशास त्याची दया आली तरी दोषी ठरल्यावर दहा वर्षांखाली उतरता येत नाही.

हा अन्याय आहे, असे आम्ही एकदम म्हणणार नाही. मूळ कायद्यात पुष्कळ पदार्थांच्या बाबतीत थोडे व फार यांत भेदच नव्हता. सरसकट दहा वर्षे. २००१ साली तागडी आली ती लहान अपराध्यास सोडविण्यासाठी, ही गोष्ट टीकाकार विसरतात. तागडी नसती तर धनवानाचा वकील अधिकाऱ्याच्या मर्जीवर काय काय करता, कोण जाणे! तथापि जी दया म्हणून आली तीच ५१ व्या ग्रॅमास भिंत होऊन उभी राहते. पुन्हा अपराध करणारास काही प्रसंगी फाशीच द्यावी, असेही एक कलम होते. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती काढून निवड न्यायाधीशाकडे सोपविली, व २०१४ मध्ये संसदेनेही तसाच पालट केला. फाशीविषयी जो विचार मान्य झाला तो दहा वर्षांविषयी का होऊ नये, हे आम्हांस उमजत नाही. तुरीच्या ओळींत गांजाची झाडे लावणारास तरी दहा वर्षे ही कमाल आहे, किमान नाही. तेथे न्यायाधीशास शेतकऱ्याचे तोंड पाहून निर्णय करता येतो.

न्यायालय वजन पाहते, कारण त्यास दुसरे साधन थोडे. आम्ही मात्र तेवढेही करीत नाही. पोरगा पकडला गेला की सायंकाळपर्यंत आमचा निकाल तयार असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईस पाणवठ्यावर कोणी जागा देत नाही. त्याच कायद्यात ६४-अ म्हणून एक कलम आहे. सेवन केल्याचा अथवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य आपण होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात उपचारास गेला, तर त्याच्यावरील खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत जाऊ शकते. उपचार लांबतो, दवाखाना दूर असतो, आणि वाटेत सोबत कोणी असावे लागते. त्या आईस हे कलम जाऊन सांगणारा उपदेशक आम्हांस अद्याप भेटलेला नाही.