शौच कोणाचे?

वाचक माउलींनो, या पानावर नामाची, भक्तीची, वैराग्याची चर्चा व्हावी अशी आपली अपेक्षा असते. आज मी संडासाविषयी लिहिणार आहे. नाक मुरडू नका. विषय मी शोधून काढला नाही. एका पहाटे टमरेल हातात घेऊन रांगेत उभा असताना तो आपण होऊन पुढे आला.

गेल्या माघात मुंबईस, घाटकोपरच्या डोंगरउतारावरील एका वस्तीत सप्ताह होता. मुक्काम एका माळकरी गृहस्थाच्या घरी. घर म्हणजे एक खोली. त्यात सहा माणसे आणि मी सातवा. संडास घरात नाही. वस्तीचा म्हणून जो आहे तो चार गल्ल्या खाली. काकड्यापूर्वी स्नान उरकावे म्हणून साडेचारलाच उतरलो, तर पुढे बारा जण उभे. पुरुषांच्या बाजूस सहा खोल्या. दोहोंना कडी नाही, एक तुंबलेली. राहिल्या तीन.

मला पाहताच एक टाळकरी म्हणाला, “महाराज, तुम्ही पुढं व्हा.” लोकांनी हात जोडून वाट दिली. सर्वांत पुढे एक म्हातारा हमाल पोट दाबून उभा होता, तोही बाजूला झाला. मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा म्हातारा रांगेत नव्हता. त्याचे धोतर खराब झाले होते आणि तो भिंतीला धरून घराकडे चालला होता. कोणी हसले नाही. टाळकरी एवढेच म्हणाला, “त्यांचं रोजचंच हाय, महाराज.”

त्या रात्री माझे निरूपण गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीवर होते. अभय, सत्त्वशुद्धी असे करीत करीत शौच या शब्दापाशी आलो आणि अडखळलो. पन्नास वर्षे हा शब्द मी सोडवून सांगत आलो. पतंजलींनी पाच नियम सांगितले, त्यांत पहिला शौच. ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात शुचित्वाला कापराची उपमा दिली, कारण कापूर आतबाहेर सारखाच. हे सारे पाठ. पण सकाळचा म्हातारा डोळ्यांपुढून हलेना. त्या पहाटे शुद्ध कोण झाला आणि अशुद्ध कोण?

मनुस्मृतीत मलोत्सर्गानंतर माती किती वेळा लावावी, हात किती वेळा धुवावा, याची मोजणी आहे. गृहस्थाला जेवढे, त्याच्या दुप्पट ब्रह्मचाऱ्याला, तिप्पट वानप्रस्थाला, चौपट यतीला. पाठशाळेत आम्ही हे घोकले. आज वाटते, मोजणी अर्धीच राहिली. हात किती धुवायचा ते लिहिले. मागे राहिलेले कोण उचलणार ते लिहिले नाही. रान मोकळे होते, माणसे थोडी होती, तोवर माती आणि ऊन ते काम करीत. वस्ती दाटली, नगरे झाली, तेव्हा ते काम एका जातीच्या डोक्यावर टोपलीने चढवले. घाण नाहीशी होत नसते, ती जागा बदलते. आमच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेली आणि त्यालाच आम्ही सोवळे म्हटले!

कोणी म्हणेल, “महाराज, ही जुनी गोष्ट झाली.” मानवी मैला हाताने उचलवून घेण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली अधिक कडक झाला. तरी गटारात आणि मैल्याच्या टाकीत उतरून माणसे गुदमरतातच. टाकीत विषारी वायू साठलेला असतो. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली भरपाईची रक्कम तीस लाख ठरवली. जुन्या गोष्टीसाठी न्यायालये नवा आकडा ठरवीत नाहीत.

आणि दूर कशाला जावे? आषाढीला लाखो माणसे पंढरीत उतरतात. चंद्रभागेच्या वाळवंटातील घाण आणि ती उचलणाऱ्या माणसांचे हाल यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या वाळवंटाला आपण लोळण घेतो त्याविषयी हे न्यायाधीशांनी सांगावे लागले, याची मला लाज वाटते. आता पालखीमार्गावर फिरती शौचालये उभी राहतात, ही चांगली गोष्ट. पण ती असूनही आडोसा शोधणारे माळकरी मी पाहिले आहेत.

आता बायकांचे ऐका. ज्या घरी उतरलो होतो तेथील माउली संध्याकाळनंतर पाणी पीत नसे. मी विचारले, “व्रत आहे का?” ती म्हणाली, “व्रत कसलं महाराज, रात्री खाली उतरावं लागतं. दिवा नाही, कडी नाही.” आपण निर्जला एकादशी वर्षातून एकदा करतो आणि दहा जणांना सांगतो. ही बाई रोज करते. पदरात पुण्य नाही, मूत्राशयाचा विकार मात्र आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या नियमांत वस्तीतील संडासाचे प्रमाण पुरुषांना पस्तिसांमागे एक आणि स्त्रियांना पंचविसांमागे एक असे धरले आहे. कागदावर ते ठीक आहे. पण कडी नसलेली खोली बाईच्या हिशेबी खोलीच नव्हे.

काही जाणते म्हणतील, संतांनी बाह्य सोवळ्याची थट्टाच केली, अंतर निर्मळ असले म्हणजे झाले. संतांनी थट्टा केली ती देखाव्याची. नाथांघरी देवाने श्रीखंड्या होऊन पाणी भरले, जनाईचा केर काढला, हे आपण रंगून ऐकतो. देव केर काढतो म्हटले की डोळ्यांत पाणी येते. तुम्ही काढा म्हटले की कंबर दुखते! गाडगेबाबांनी मात्र क्रम बदलला नाही. गावात शिरले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी आयुष्य वेचले. सोपे, स्वस्त संडास कसे करावेत ते स्वतः करून दाखवले.

तर माझे उत्तर असे. शौच म्हणजे माझ्या अंगावरून काय गेले एवढेच नव्हे; ते पुढे कोणाच्या वाट्याला गेले, हेही त्यात येते. दुसऱ्याला विटाळून मिळालेली शुद्धी ही शुद्धी नव्हे, ती उधारी होय. मला रांगेत मिळालेला मानही तसाच. तो नारदाच्या गादीचा होता. गादीवर मी जरूर घ्यावा. रांगेत मी एका पोटाचा माणूस.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. मी वाकण्याआधी तेच वाकले. म्हणाले, “तुमचं काय चुकलं न्हाई महाराज. पण उद्या नंबर लावा.” मी लावला, पाऊण तास उभा राहिलो. एका पहाटेत पोथीपेक्षा अधिक कळले.

काल्याच्या दिवशी मंडळींना विनंती केली: पंगतीला दोन पक्वान्नांऐवजी एक करा. उरलेल्या पैशांत कड्या, दोन दिवे आणि पाण्याचे पिंप झाले. झाडणाऱ्या कामगाराला हातमोजे, गमबूट झाले. यातून प्रश्न सुटत नाही. मैल्याची वाहिनी आणि पाणी महापालिकेनेच द्यायचे, आणि ते मागण्याचा वस्तीचा हक्क आहे. पण मागणाऱ्याने आपल्या वाट्याची कडी तरी बसवावी.

कीर्तनाअंती आपण एकमेकांच्या पाया पडतो. त्या रात्री तो कामगार मंडपाच्या कडेला उभा होता. मी खाली उतरून त्याच्या पाया पडलो. पण पाया पडणे सोपे. त्याच्यासाठी मागे घाण न ठेवणे कठीण. ते कठीण पांडुरंगाने आपणा सर्वांकडून करून घ्यावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरि.