वेदीकडची वाट भावाच्या दारावरून



रविवारच्या मिस्सामध्ये शांतीची खूण देण्याची वेळ येते, तेव्हा वेदीवरून आम्हांला सगळे मंदिर दिसते. कुणी हात जोडतो, कुणी मागे वळून हसतो. काही जण मात्र नेमक्या त्याच क्षणी समोरच्या क्रुसाकडे एकटक पाहू लागतात, कारण पलीकडच्या बाकावर सख्खा भाऊ बसलेला असतो. थोड्याच वेळात दोघेही एकाच रांगेतून ख्रिस्तप्रसाद घेतात.

हे आम्ही दोष देण्यासाठी लिहीत नाही. वडिलांच्या आजारपणात कुणी किती केले, यावरून आमचे स्वतःचे थोरल्या भावाशी दोन वर्षे बोलणे बंद होते. त्या दोन वर्षांत क्षमेवर आम्ही किती प्रवचने दिली, याचा हिशोब देवाजवळ आहे.

अशा वेळी माणूस स्वतःची समजूत घालतो. ‘फादर, माझ्या मनात आता काही नाही. मी केव्हाच माफ केले. फक्त बोलत नाही,’ असे आपण ऐकतो आणि म्हणतोही. येथे एक प्रश्न उभा राहतो. नाते तुटलेलेच ठेवून मन बरे होऊ शकते का?

मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वचिंतकाने १९२३ साली ‘मी आणि तू’ या आपल्या ग्रंथात मांडले, की एकटा ‘मी’ असा कुठे नसतोच. समोरच्याला आपण ‘तू’ म्हणतो तेव्हा आपला ‘मी’ एक असतो, आणि त्याला वस्तू समजतो तेव्हा आपला ‘मी’ दुसराच होतो. हे कळायला ग्रंथ वाचायलाच हवा असे नाही. भांडण झाले की पहिल्यांदा नाव जाते. भावाचा ‘पलीकडचा’ होतो, जावेची ‘ती’ होते. ज्याला आपण नाव नाकारतो, त्याच्यापुरते आपलेही काळीज दगडाचे होते. मग तो दगड छातीत घेऊनच आपण मुलांशी बोलतो, जेवतो, प्रार्थना करतो. मनाची जखम नात्यात झालेली असते, म्हणून ती एकांतात पूर्ण भरत नाही, तिच्यावर फक्त खपली धरते.

प्रभू येशूला हे ठाऊक होते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तो अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. तेथे एक बारकावा आहे. माझ्या मनात भावाविषयी काही आहे का, असे तो विचारत नाही. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, याची तो आठवण करून देतो. ‘माझे मन साफ आहे’ हे उत्तर तेथे पुरत नाही.

पेत्राचेही असेच झाले. योहानाच्या शुभवर्तमानात प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, आणि तेथे शेकत उभा असताना पेत्र गुरूला नाकारतो. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी प्रभू न्याहारी तयार ठेवतो, तेथेही कोळशांचाच विस्तव आहे. अशा विस्तवासाठीचा मूळ ग्रीक शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. जेथे नाते तुटले, तशाच विस्तवापाशी प्रभू पेत्राला पुन्हा आणतो. नकाराचा शब्दही न काढता तो तीनदा प्रेमाविषयी विचारतो. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो, कारण बरे होतानाही दुखते. मग त्याच माणसाच्या हाती प्रभू आपली मेंढरे सोपवतो. पेत्राचे मन आणि त्याचे शिष्यत्व एकाच वेळी बरे झाले.

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. मध्य प्रदेशात गरीब आदिवासी शेतकऱ्यांसाठी झटणाऱ्या धर्मभगिनी राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये भोसकून खून झाला. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल याही धर्मभगिनी. २००२ साली त्या तुरुंगात गेल्या आणि मारेकरी समंदर सिंग याच्या हाताला त्यांनी राखी बांधली. खुनी या शब्दाच्या जागी त्यांनी भाऊ हा शब्द ठेवला. पुढे त्याच्या सुटकेसाठी या कुटुंबानेच संमती दिली आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सेल्मी यांनी राखी बांधली तेव्हा तो माणूस शिक्षा भोगत होता. क्षमा म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे. घरात मार खाणाऱ्या बहिणीला ‘माफ कर आणि गप्प राहा’ असे सांगणे हे शुभवर्तमान नव्हे. तिला आधी सुरक्षित जागा आणि न्याय मिळायला हवा. पण आपल्यातली बहुतेक भांडणे अशी नसतात. ती बांधाची, वाटणीची, लग्नात न केलेल्या मानाची असतात. तेथे अडवणारा आपला ताठाच असतो.

आम्ही भावाकडे गेलो, ती पावसाळ्यातली संध्याकाळ होती. ओटीवर उभे राहून ‘दादा’ अशी हाक मारायलाच सर्वांत जास्त बळ लागले. वहिनींनी चहा टाकला. त्या चहापुरतेच बोलणे झाले. जुना हिशोब अजूनही पुरता मिटलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी मिस्सा अर्पण करताना हात हलके वाटले.

येत्या रविवारपर्यंत आपण एवढेच करू या. ज्याचे नाव घेणे सोडले आहे, त्याचे नाव रोजच्या प्रार्थनेत घेऊ या. मग जमेल त्या दिवशी, त्याच्या दारात जाऊन, तेच नाव मोठ्याने घेऊ या.

आपले धर्मगुरू