गाडी कुणासाठी?



रांजणगावच्या महागणपतीपुढे नवी गाडी उभी आहे. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मालक नुकतेच निवृत्त झालेले. इथल्या एमआयडीसीत जीप कंपास तयार होते. उमेदीची वर्षं त्यांनी अशाच, लोकांच्या गाड्या जोडण्यात घालवली. आता स्वतःसाठी कोणती? मन म्हणालं, बसकी, वेगाची, लाल. गुडघे म्हणाले, उंच सीटची.

गाडी कुणासाठी, हे आधी विचारावं. शेजाऱ्यांसाठी घेतलेली गाडी दारातच शोभते. हौस वाईट नाही हो! ती आता नाही, तर कधी करायची? पण गाडी कुणासाठी?

त्यांनी साधीच घेतली. रंग मात्र लाल. नारळ फुटला. पुढचं दार उघडून त्यांनी आधी पत्नीला बसवलं.