दावीदाने न प्यालेले पाणी

शास्त्रभाग : २ शमुवेल २३:१३-१७



कापणीचे दिवस होते. दावीद अदुल्लामाच्या गुहेत होता आणि त्याच्या बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे बसले होते. गावच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी आणून पाजील तर किती बरे, असे तो बोलून गेला. ती आज्ञा नव्हती. तरीही त्याचे तिघे वीर शत्रूच्या छावणीतून वाट काढीत गेले व पाणी घेऊन आले. दावीदाने ते ओठांना लावले नाही. परमेश्वरापुढे ओतून टाकले. जिवावर उदार होऊन गेलेल्या माणसांचे रक्त आपण कसे प्यावे, असे त्याला वाटले. नियमशास्त्राप्रमाणे रक्त ही खाण्यापिण्याची वस्तू नव्हे, कारण प्राण रक्तात असतो आणि प्राण देवाचा आहे (लेवीय १७). हा रक्ताचा नियम दावीदाने पाण्याला लावला.

या उताऱ्यावरील बहुतेक प्रवचने त्या वीरांच्या स्वामिनिष्ठेवर असतात. मला वाटते, आपण पाणी पिणाऱ्याच्या जागी बसून हा उतारा वाचावा. कारण आपली खरी जागा तीच आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. रेल्वेगाड्या थांबल्या, उपासनामंदिरांना कुलपे लागली. परंतु दूध, पीठ, तांदूळ, तेल, बिस्किटे यांचे कारखाने बंद ठेवून भागणार नव्हते. शासनाने अन्नाचे उद्योग अत्यावश्यक ठरवून टाळेबंदीतून वगळले, ते योग्यच केले. आपण घरात सुरक्षित बसून रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करीत होतो आणि त्या प्रार्थनेचे उत्तर कोणाच्या तरी हातांनी आपल्या दारापर्यंत येत होते.

ते हात कोठे काम करीत होते? अशा अनेक कारखान्यांत सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात. यंत्रांच्या आवाजामुळे कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. मांसाच्या कारखान्यांत तर खोल्या बंद आणि थंडगार असतात. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा कोणती? अमेरिकेतील सू फॉल्स येथील स्मिथफिल्डच्या डुक्करमांसाच्या कारखान्यात २०२० च्या वसंतात सुमारे तेराशे कामगारांना लागण झाली. त्यांपैकी चौघे दगावले. एकही पाळी न चुकविणाऱ्यास पाचशे डॉलर जादा देण्याचे तेथे जाहीर झाले होते. ज्याच्या घरी पैशाची ओढ आहे, तो ताप लपवूनच कामावर येणार! पुढे सरकारी खात्याने त्या कंपनीस दंड ठोठावला, तो साडेतेरा हजार डॉलरांहूनही थोडा कमी होता.

जर्मनीत जून २०२० मध्ये ट्योनिसच्या मांसाच्या कारखान्यात दीड हजाराच्या आसपास कामगार बाधित झाले. त्यांतील पुष्कळ जण पूर्व युरोपातून ठेकेदारांनी आणलेले, दाटीवाटीच्या खोल्यांतून राहणारे होते. मात्र तेथील शासनाने रोगाचे मूळ ओळखले, आणि जानेवारी २०२१ पासून मोठ्या मांस कारखान्यांत कत्तल व कापणीच्या कामावर ठेक्याचे मजूर लावण्यास कायद्याने बंदी झाली.

भिलाईच्या वाचकांना ठेकेदारीचा हा प्रश्न नवा नाही. पोलाद कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या खासगी उद्योगांतील, मद्यनिर्मितीच्या कारखान्यांतीलसुद्धा, ठेका कामगारांना कायम करावे, जगण्याजोगे वेतन द्यावे, यासाठी शंकर गुहा नियोगी तेथे झटत होते. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे, झोपेत असताना, त्यांना गोळी घालण्यात आली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस रेल्वे स्थानकावर रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधरांहून अधिक जीव गेले. नियोगींच्याच संघटनेच्या खाणकामगारांनी १९८३ मध्ये दल्ली राजहरा येथे आपल्या श्रमाने व वर्गणीने शहीद रुग्णालय उभारले होते. आजारी पडलेला कामगार फेकून द्यायचा नसतो, हे त्यांना कोणी प्रवचनातून सांगावे लागले नाही. आणि एप्रिल २०२१ मध्ये दुर्ग जिल्हा साथीत होरपळत असता भिलाईच्या कारखान्यातून प्राणवायूचे टँकर निघत होते, ते भरणारेही त्याच जिल्ह्यातले, त्याच साथीत राहणारे होते. देशातील कित्येकांचा श्वास त्यांच्या हातून आला.

आता एक भेद लक्षात घ्यावा. दावीदाचे तिघे स्वेच्छेने गेले होते. पट्ट्यापाशी उभा असलेला मजूर मात्र घरी चूल पेटावी म्हणून उभा असतो. तो नाही म्हणू शकत नाही. स्वेच्छेने पत्करलेल्या धोक्याचे पाणी जर दावीदाला पिववले नाही, तर नाइलाजाने पत्करलेल्या धोक्याच्या अन्नाबद्दल आपण काय म्हणावे?

अन्न ओतून टाकावे, असे मी म्हणत नाही. त्याने कोणाचेच भले होणार नाही. नियमशास्त्राने दुसरा मार्ग दाखविला आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर पडून मरणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो (अनुवाद २२:८). त्या काळी धाबे ही केवळ हवा खाण्याची जागा नव्हती. राहाबेने जवसाची ताटे तेथेच पसरली होती (यहोशवा २:६). म्हणजे तो कामाच्या जागेचाही कायदा झाला, आणि तो माणूस पडण्यापूर्वी लागू होतो.

आजचा कठडा कसा असतो? दोन माणसांमधील अंतर, वाहती हवा, पाळीपाळीने जेवण, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजारपणाची भरपगारी रजा. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या पात्र कामगारास आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. ठेकेदाराने नोंदच केली नाही तर त्याच्या हाती काही येत नाही. आपल्या मंडळ्यांत कारखानदार आहेत, पर्यवेक्षक आहेत, हिशेबनीस आहेत. ही नोंद झाली की नाही हे पाहणे त्यांच्या हातचे आहे.

आणि ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांनी मंडळीच्या स्वयंपाकघरापासून आरंभ करावा. नाताळच्या प्रीतिभोजनासाठी आपण आचारी ठरवतो, त्याच्यासोबत भांडी घासणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या चारपाच बाया येतात. त्यांतील एखादी खोकत असेल, तर तिला घरी पाठवताना त्या दिवसाची मजुरी कोण देणार, हे पंचकमिटीने आचाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे.